उभ्या उसाचा नकाशा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही. पालीला मी लहानपणापासून घाबरते, साहेबांना नोकरीला लागल्यापासून आणि पासवर्डला शाळेत टॅब आले तेव्हापासून. उसाची भीती मात्र एकाच हिवाळ्यातली आहे आणि ती अजून गेलेली नाही. लोणखेड्याहून शाळेला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असला की माझी स्कूटी आपोआप रस्त्याच्या मधोमध येते. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो, शिव्याही घालत असेल. मी बाजूला होत नाही.

आमची शाळा तापीकाठच्या गावातली. मी आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. टॅब मिळाले तेव्हा शहाद्याला आमचं प्रशिक्षण झालं. एका उत्साही तरुण सरांनी सांगितलं की आता सगळा वर्ग एकाच ऑनलाइन पानावर मिळून काम करेल आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याला त्याच क्षणी दिसेल. मी मनात म्हटलं, आमच्याकडे एका बाकावर तिघं बसली तर कंपासवरून मारामारी होते, एका पानावर सगळा वर्ग बसवला तर काय होईल ते तुम्ही बघायला या. झालंही तसंच. पहिला निबंध पाण्यावर होता. एक लिहायचा, दुसरा खोडायचा, तिसरा मध्येच स्वतःच्या बैलाचा फोटो टाकून मोकळा व्हायचा. तास संपला तेव्हा पानावर पाणी कुठेच नव्हतं, बैल मात्र ऐटीत उभा होता.

मग गावातलं एक वासरू गेलं. सकाळी गोठ्यात नुसता दोर राहिला होता आणि बाहेरच्या ओल्या मातीत ठसे. वनखात्याची माणसं आली, बिबट्या आहे म्हणाली, एकट्याने फिरू नका म्हणाली आणि निघून गेली. आमच्या भागात बिबट्याला राहायला जंगल लागत नाही. ऊस पुरतो. आत सावली, गारवा, रानडुकरं, आणि दोन हातांवरचं दिसत नाही. तोड सुरू झाली की एकेक वावर उघडं पडतं आणि तो बाजूच्या उभ्या उसात सरकतो. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण कुठला ऊस आज तुटला, कुठला उभा आहे, हे सगळ्या गावाचं मिळून कुणालाच ठाऊक नसतं.

नकाशाची कल्पना माझी नव्हती, उंच मुलीची होती. नावं मी लिहिणार नाही, पण ती वर्गात सगळ्यांत उंच होती, शेवटच्या बाकावर बसायची आणि टॅबवर तिचा हात माझ्यापेक्षा चौपट वेगाने चालायचा. वडील गावातले मोठे बागायतदार. ती तिच्या अहिराणी वळणाने म्हणाली, "मॅडम, पाण्याचं पान काढून टाकू. गाव वरून दिसतं ना, तो फोटो टाकू. ज्याच्या घराजवळचा ऊस उभा शे त्यानी हिरवा रंग भरायचा."

तसं केलं. वरून काढलेला गावाचा फोटो त्या सामाईक पानावर चिकटवला. उभ्या उसाला हिरवा, तुटलेल्याला तपकिरी. जिथे मोठ्या माणसाने ठसे पाहिले असतील तिथे लाल ठिपका. नियम एकच ठेवला, दुसऱ्याचा ठिपका पुसायचा नाही, पुसावासा वाटला तर आधी वर्गात बोलायचं. शाळा सुटल्यावर पोरं घरच्या फोनवरून रंग भरायची. पानावर जो कुणी असेल त्याच्या नावाची बारीक पट्टी त्याच्या बोटाबरोबर फिरते. संध्याकाळी मी पान उघडलं की गावावरून माझ्या पोरांची नावं हिंडताना दिसायची. फार बरं वाटायचं ते. रोज निघण्याआधी मुलं नकाशा बघून कोण कुठल्या वाटेने, कुणाबरोबर जाणार ते ठरवू लागली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकवलेला भूगोल कुणी पहिल्यांदाच पायाखाली वापरत होतं.

फक्त एक मुलगी रंग भरत नव्हती. ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर आली होती, वर सातपुड्यातल्या पाड्यावरून. टोळी गावात असेपर्यंत अशी मुलं आमच्या शाळेत बसतात. घरी ती पावरी बोलायची, मराठी जपून वापरायची, एकेक शब्द तपासून. मी तिला टॅब दिला आणि म्हटलं, तुझं घर दाखव. तिने फोटोकडे खूप वेळ बघितलं आणि टॅब परत दिला. "घर हलतं, मॅडम," ती म्हणाली. दुपारच्या सुट्टीत ती शाळेतला भात डब्यात घेऊन थेट वावरात जायची. आई ऊस तोडायची आणि लहान भाऊ बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असायचा. ती त्याला भरवायची, झोका द्यायची आणि घंटेला परत यायची. कधी कधी यायचीही नाही.

दिवस गेले तसा हिरवा रंग कमी होत गेला. माझा जीव हलका व्हायला हवा होता, झालं उलटंच. आधी भीती सगळ्या शिवारात पसरलेली होती, आता ती गोळा होऊ लागली. तपकिरी सगळीकडून आत आत येत होतं आणि लाल ठिपके त्याच्या पुढे पुढे सरकत होते. शेवटी नाल्याकाठी एकच मोठा हिरवा तुकडा उरला, बाकी कुठे कुठे चिंचोळे, तुटक तुकडे. त्याच्या कडेला मुलांनी लाल ठिपका लावला होता, कुणाच्या तरी काकाने तिथे ठसे पाहिले होते. मी स्वयंपाक करताना, गॅसवर कुकर चढवताना, तो तुकडा बघत राहायचे. जो काही होता तो आता तिथेच होता. त्याला लपायला पुरेल एवढी दुसरी जागाच उरली नव्हती.

आणि एका सकाळी ठिपका नव्हता. वाटलं नेटचा घोळ. एका मुलाने तो परत लावला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. वर्गात विचारलं, कुणी कबूल होईना. त्या संध्याकाळी मी चहा गाळत होते आणि फोन ओट्यावर उघडा होता. लाल ठिपका जागेवर होता. मग पानावर एक नावाची पट्टी आली, नाल्याकडे गेली, थोडी थांबली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ठिपका नाहीसा झाला. पट्टीवर उंच मुलीचं नाव होतं. चहा गाळणीबाहेर सांडला. हिरवा तुकडा तिच्या वडिलांचा होता, हे मला तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. रागवायचं ठरवून गेले होते. पण तिचा चेहरा बघितला आणि राग गिळला. पोरगी माझ्याहून जास्त घाबरलेली होती.

"आबांनी सांगितलं," ती म्हणाली. "टोळीला कळलं तर टोळी येत नाही, मॅडम. आमच्या शेजारच्यांचा ऊस तसाच राहिला होता मागे. तुरे आले, वाळला. आबा म्हणे तो ठिपका काढ, टोळी येऊ दे."

"मग आता टोळी तुमच्या वावरात कधी येणार?"

"आज सकाळीच आली."

मी वर्गाकडे पाहिलं. टोळीतल्या मुलीचा बाक रिकामा होता. तिचा डबाही नव्हता. मधल्या सुट्टीची घंटा होताच ती भाऊ सांभाळायला गेली होती, त्याच वावरात. आम्ही एवढा रंगीत नकाशा केला, सगळी पोरं तो बघून चालत होती, आणि ज्यांना त्या उसाच्या आत शिरायचं होतं त्यांच्यापैकी एकाच्याही हातात तो नव्हता.

उंच मुलीच्या वडिलांना, म्हणजे आबांना, फोन लावला. त्यांनी उचलला. मी ठशांचं सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाळा सांभाळा ना. मन्हा वावरमा काय शे ते माले ठाऊक शे." आणि ठेवला. मुख्याध्यापकांना वनखात्याला फोन करायला सांगून मी स्कूटी काढली. उंच मुलगी मागे बसली. मी नको म्हटलं, पण नाल्याची वाट मला माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर एकटीने जायची माझी हिंमत नव्हती. एवढ्याशा पोरीच्या भरवशावर मी निघाले.

वावर अर्धं तुटलं होतं. उसाचा वाळका पाला, पाचट, पसरलेलं, मोळ्या बांधून ठेवलेल्या, ट्रॉली उभी. पण कोयते चालत नव्हते. टोळीची सगळी माणसं एका जागी गोळा झाली होती आणि हळू आवाजात आपसांत बोलत होती. उंच मुलीचे वडील मोटारसायकलला टेकून उभे. जवळ गेल्यावर दिसलं, पाचटात दोन पिल्लं होती. मातकट, ठिपक्यांची, डोळे नुकते उघडलेले. एक तोंड उघडत होतं, पण आवाज फारसा येत नव्हता.

"रानमांजरनी पिल्लं शेत," वडील म्हणाले. "उचला आनि बाजूला ठेवा. काम करा."

कुणी हललं नाही. माणसं पिल्लांकडे बघत नव्हती, सगळ्यांचे डोळे उरलेल्या उसाकडे होते. एक पट्टा तेवढा उभा होता, नाल्याला लागून. पिल्लं इथे, तर आई कुठे, हा प्रश्न विचारायची कुणाला गरज नव्हती.

मग मी त्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला पाहिलं. बांधावर बाभूळ होती, बाभळीला झोळी, आणि झोळीपाशी ती टोळीतली मुलगी. उसाकडे पाठ करून झोका देत होती. टोळीची रीतच तशी आहे. झोळी सावलीला बांधायची आणि रडणं आईच्या कानावर पडेल इतक्या जवळ, म्हणजे उभ्या उसाच्या अगदी कडेला. ऊस तुटत जातो तशी झोळी पुढच्या झाडाला जाते. मुलीला इकडचं काहीच कळलेलं नव्हतं. तिच्या पाठीपासून ऊस हात लांब केला तर लागेल इतका जवळ होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि एका बाईने माझं मनगट धरलं. तिची आईच होती ती. मान हलवून नाही म्हणाली. ओरडलं तर पोरगी दचकून कुठेही पळेल, उसातूनही पळेल. मला पळून जावंसं वाटत होतं. हेही सांगते, कारण खरं आहे.

तेवढ्यात उंच मुलगी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण तिथल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"आबा, ती मांजर नही शे. तुमले ठाऊक शे. लाल ठिपका मी काढा, तुम्ही सांगं म्हणीसन काढा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. लेकीने चारचौघांत असं बोलावं, ही त्या घरातली पहिलीच वेळ असावी. मला वाटलं, आता हात उगारतात. ते मोटारसायकलला टेकूनच राहिले. टोळीने मात्र ऐकलं होतं. सगळ्यांना अहिराणी कळते, कामापुरती तरी कळतेच.

टोळीतल्या मुलीची आई चालू लागली. बांधावरून, नेहमीच्या चालीने, हातात कोयता. तिने लेकीला हाक मारली, जेवायला बोलवावं तशी. त्यांच्या भाषेत काय म्हणाली मला समजलं नाही, आवाज मात्र रोजचाच होता. तो आवाज रोजचा ठेवायला तिला किती बळ लागलं असेल ते मी आजही मोजू शकत नाही. आणि मग उंच मुलीचे वडील मोटारसायकलपासून निघाले आणि तिच्या मागोमाग बांधावर गेले. बांध अरुंद. ते उसाच्या बाजूने चालत होते.

पट्ट्यात कुठेतरी पानं वाजली. वारा असेल, नसेलही. उंच मुलीने माझा पदर मुठीत धरला होता आणि मी तिचा खांदा. टोळीतल्या मुलीने हाक ऐकून मान वर केली, हसली, आणि झोळीत वाकली. तिला घाई नव्हती. भावाला उचललं, त्याचं टोपरं खाली पडलं, ते उचलायला पुन्हा वाकली. टोपरं झटकलं, त्याच्या डोक्यावर घातलं, बंद बांधला आणि आईकडे चालत आली. तिघं आणि त्यांच्यामागे आबा, असे ते बांधावरून परत आले. झोळी बाभळीला तशीच लटकत राहिली.

बस, एवढंच झालं. बिबट्या मी पाहिला नाही. कुणीच पाहिला नाही. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पिल्लं टोपलीत घालून त्याच जागेवर ठेवली आणि सगळ्यांना लांब हटवलं. सकाळी टोपली रिकामी होती आणि भोवतीच्या मातीत मोठे ठसे होते. बाभळीच्या बुंध्यापाशीही होते. ते ऐकून मी त्या दिवशी रजा टाकली. ताप आला होता, भीतीचाच असणार.

कामावर परतले तेव्हा नाल्याकाठचा लाल ठिपका जागेवर होता. कुणी लावला ते मी विचारलं नाही. टोळीतल्या मुलीने मात्र पहिल्यांदाच स्वतः टॅब मागितला. बोटाने गावावरून फिरत फिरत बाभूळ शोधली, तिथे पिवळा ठिपका ठेवला आणि एकेक अक्षर शोधून खाली लिहिलं, 'इथे माझा भाऊ झोपतो.'

एक मुलगा म्हणाला, आज टोळी दुसरीकडे गेली, भाऊ तिथे नाही. तिने मान हलवली, ठिपका उचलला आणि शिवाच्या देवळामागच्या वावरात नेऊन ठेवला. त्यानंतर तो रोज हलायचा. सकाळी हजेरीच्या आधी पोरं पिवळा ठिपका बघायची, त्याच्या आसपास हिरवं किती आणि लाल काही आहे का ते. काही दिसलं की तिला सांगायची, ती आईला सांगायची. उंच मुलगी सगळ्यांत आधी बघायची. आबा तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते, एवढं तिने एकदा सांगितलं आणि विषय बदलला.

आमच्या शिवारातला ऊस संपला तशी टोळी निघाली. गुजरातकडे कुठल्याशा कारखान्यावर काम लागलं होतं. मी टोळीतल्या मुलीच्या वडिलांच्या फोनवर पानाची लिंक टाकून दिली. वापरेल असं काही वाटलं नव्हतं.

नकाशा आता सगळा तपकिरी होता. तरी एके दिवशी तासाला आम्ही पान वर्गातल्या मोठ्या पडद्यावर उघडलेलं असताना तिच्या नावाची पट्टी आली. वर्गात गलका झाला. पट्टी देवळामागे गेली, पिवळा ठिपका उचलला आणि चालू लागली. गाव ओलांडलं, नाला ओलांडला, तापी ओलांडली. मग आमचा फोटोच संपला. ती थांबली नाही. फोटोच्या कडेबाहेर, पानाच्या पांढऱ्या जागेत तिने ठिपका ठेवला. खाली तीच ओळ होती, इथे माझा भाऊ झोपतो. मग पट्टी गेली.

उंच मुलगी बाकावरून उठून पुढे आली आणि पडद्याजवळ उभी राहिली.

"मॅडम, तठे ऊस शे का?"

मी त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. हिरवा रंग नव्हता, तपकिरी नव्हता. लाल ठिपका लावायला तिथे आमचं कुणीच नव्हतं.

"असेल," मी म्हटलं.